श्यामचे भाऊ

‘श्यामची आई’ हे नाव काढले की डोळ्यांपुढे उभी राहते ती आई. तिच्याच नावाचे पुस्तक, तेव्हा त्यात नवल नाही. पण कापूस-सोयाबीनवर आणि पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या आपल्या परभणी जिल्ह्यात हे पुस्तक हाती घेताना श्यामच्या वडिलांकडेही नीट पाहायला हवे, असे मला वाटते. श्याम त्यांना भाऊ म्हणतो. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत लिहून काढले. श्याम म्हणजे ते स्वतःच. त्यांची आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षे उलटली होती. ती १९१७ साली गेली. इतक्या वर्षांनी घरातले दुःख सांगायला बसलेला मुलगा सहज विचारू शकला असता, की आमचे घर कोणी बुडवले? उत्तरही दूर नव्हते. भाऊ एकेकाळचे तालेवार, खोताच्या घराण्यातले. डोक्यावर कर्ज वाढत जाते. आई सांगते, थोडी जमीन विका आणि मोकळे व्हा. भाऊंना ते मानवत नाही. मग सावकाराचा माणूस दारात येऊन आईच्या तोंडावर नको ते बोलतो आणि पुढे गावात घराच्या जप्तीची दवंडी फिरते. श्याम यातले काहीच लपवत नाही. तरीही पुस्तकभर भाऊंना आरोपीच्या पिंजऱ्यात त्याने कुठे उभे केलेले नाही.

हे त्याने कसे साधले, ते पुस्तकाच्या रचनेत दिसते. बेचाळीस रात्रींत सांगितलेली ही कहाणी. कर्जाची रात्र बत्तिसावी, अब्रूच्या धिंडवड्यांची सदतिसावी. त्याच्या कितीतरी आधी, अठराव्या रात्री, अळणी भाजीची गोष्ट येऊन गेलेली असते. आई भाजीत मीठ घालायला विसरते आणि तिला वाईट वाटू नये म्हणून भाऊ चकार शब्द न काढता जेवून उठतात. कर्जात रुतलेला माणूस भेटण्याआधी हा जेवणारा माणूस आपल्या ओळखीचा झालेला असतो. दवंडी ऐकू येते तेव्हा ज्याची अब्रू जाते आहे, त्याला आपण ओळखतो. माझ्या मते या पुस्तकातली क्षमा इथे आहे. क्षमा केली असे श्याम कुठे म्हणत नाही. माणूस अख्खा सांगितला जातो, एवढेच.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. भाऊंना असे सांभाळून घेतले तर त्यांच्या हट्टाची किंमत जिने मोजली, तिच्यावर अन्याय होत नाही का? क्षमेच्या नावाखाली बाईचे हाल झाकण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे, हे खरेच. पण जमीन विका हा आईचा सल्ला श्यामने गाळलेला नाही, आणि ती बरोबर होती हे वाचकाला कळल्यावाचून राहत नाही. हिशेब पुरा मांडून मग हात जोडणे वेगळे आणि हिशेबाची वहीच दडवणे वेगळे. आपल्या गंगाखेडची संत जनाबाई तर विठ्ठलाला शिव्या घालते आणि मग त्यालाच माय म्हणते. भांडणाची जागा तिने पुसलेली नाही.

दुसरे म्हणणे असे की, आजचे कर्ज भाऊंच्या कर्जासारखे नाही. पाऊस दगा देतो, भाव पडतो, त्यात बापाचा काय दोष? मोठ्यांना हे समजते. पण सात-आठ वर्षांच्या पोराला बाजारभाव दिसत नाही, दारात मान खाली घालून बसलेला बाप तेवढा दिसतो. ज्या घरातून असा बाप कायमचा उठून गेला, त्या घरातल्या लेकराच्या मनात राग आणि माया एकमेकांत अडकून बसतात, आणि घरात त्यावर कोणी बोलत नाही. आपल्या शाळांत ‘श्यामची आई’तले वेचे पुष्कळ वाचले जातात, ते बहुतेक आईच्या शिकवणुकीचे. बत्तिसावी आणि सदतिसावी रात्रही वर्गात मोठ्याने वाचली जावी. मात्र तिथे थेट जाऊ नये. आधी अळणी भाजी वाचावी.