मुलांची फुरसत कोणाच्या मालकीची?



मुलांच्या छंदांची चर्चा निघाली की वडीलधाऱ्यांचा रोख बहुधा मुलांवरच असतो. मुले वाचत नाहीत, मैदानावर जात नाहीत, मोबाइल खाली ठेवीत नाहीत, असा पाढा वाचला जातो. या तक्रारीत तथ्य आहे. परंतु आरोपी चुकीचा आहे. समाजवादी कार्यकर्त्याने हा प्रश्न शिस्तीचा न मानता मालकीचा मानला पाहिजे.

माहितीची विपुलता झाली की माणसाच्या अवधानाची टंचाई होते, हे हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ सालीच दाखवून दिले होते. जेथे टंचाई, तेथे बाजार आलाच. फेसबुक व इन्स्टाग्राम चालविणाऱ्या मेटा कंपनीचे २०२४ सालचे उत्पन्न १६४ अब्ज डॉलरहून अधिक होते आणि त्यातील सुमारे ९८ टक्के जाहिरातींचे होते. वरवर फुकट दिसणारे हे साधन वस्तुतः लोकांचे अवधान जाहिरातदारांना विकण्याचे दुकान आहे. छंद म्हणजे मुलाने मोबदल्याविना, स्वतःच्या ओढीने केलेले श्रम. त्या श्रमांची फुरसतच आता कच्चा माल झाली आहे.

हे केवळ शहरी सुखवस्तू घरांचे दुखणे नव्हे. ग्रामीण भारताच्या २०२४ च्या ‘असर’ पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात त्याचा उपयोग शिक्षणासाठी केल्याचे ५७ टक्क्यांनी सांगितले. समाजमाध्यमांसाठी, ७६ टक्क्यांनी.

महत्त्वाकांक्षांचे काय? एका खेळणी कंपनीने २०१९ साली अमेरिका, ब्रिटन व चीनमधील ८ ते १२ वयाच्या मुलांची पाहणी करविली. पहिल्या दोन देशांत सुमारे ३० टक्के मुलांना यूट्यूबवर झळकायचे होते, अंतराळवीर व्हायचे होते ११ टक्क्यांना. चीनमध्ये मात्र ५६ टक्क्यांनी अंतराळवीर होण्याची इच्छा सांगितली. पडदे तिन्ही देशांत आहेत. तेव्हा समाज मुलांपुढे कोणते कर्तृत्व गौरवाने ठेवतो, यालाही महत्त्व आहे असे मानावे लागते.

ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास १० डिसेंबर २०२५ पासून मनाई झाली. कंपन्यांवर जबाबदारी टाकणारे असे कायदे स्वागतार्ह आहेत. परंतु बंदीने मुलाचा हात मोकळा होईल. त्या हाताला चेंडू, पुस्तक, रंग किंवा पकड-पाना कोण देणार? सधन घरातील मूल शुल्क भरून छंदवर्गाला जाईल. शेतमजुराच्या मुलीला सार्वजनिक सोयीवाचून दुसरा आधार नाही.

शिक्षणहक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावातील शाळेत जाऊन मैदान आहे का, ते मोकळे आहे का, पुस्तकांचे कपाट उघडते का, हे पाहावे. उणीव दिसेल तेथे शाळा व्यवस्थापन समितीत आणि ग्रामसभेत ती मांडावी, ठराव करून घ्यावा, त्याचा पाठपुरावा करावा. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाने शाखा आणि कलापथके यांतून मुलांची सायंकाळ खेळांनी व गाण्यांनी भरली, ती मोठ्या भांडवलावाचून. आठवड्यातील एक सायंकाळ मुलांसाठी राखून ठेवणे कोणत्याही गावातील कार्यकर्त्याला आजही अशक्य नाही.