मागें फिरविलेला आंकडा



पूर्वीं घोडा विकत घेणारा मनुष्य आधीं त्याचे दात पाही. दातांवरून जनावराचें वय कळे, आणि विकणाराच्या गोड शब्दांपेक्षां त्या दातांवर त्याचा भरंवसा अधिक असे. आज जुनी मोटार घेणारा ओडोमीटरचा आंकडा पाहतो. गाडी एकंदर किती किलोमीटर धांवली, हें त्यावरून कळतें. परंतु घोड्याचे दात बदलणें कठीण, हा आंकडा मागें नेणें मात्र सोपें झालें आहे. त्यांत नुकसान केवळ पैशाचें नसतें. तेल केव्हां बदलावें, एंजिनाचा पट्टा केव्हां बदलावा, हें पुष्कळदां त्या आंकड्यावरच ठरतें. आंकडा खोटा असला, तर पट्टा वेळेवर बदलला जात नाहीं, आणि भर रस्त्यांत एंजिन निकामी होण्याचा धोका असतो.

समजा, पुण्यांतील एका गृहस्थांनीं ६ लाख रुपयांस एक जुनी गाडी घेतली. आंकडा होता ४२ हजार किलोमीटर. दोन महिन्यांनीं दुरुस्तीच्या कारखान्यांत जुनी नोंद सांपडली. तींत वर्षापूर्वींच ८६ हजार किलोमीटर लिहिलेले होते. गृहस्थ विकणाराकडे गेले, तेव्हां तो म्हणाला, "मी आंकड्याविषयीं एक शब्द तरी बोललों होतों काय?"

या प्रश्नाचें उत्तर १८७२ च्या भारतीय करार कायद्यांत आहे, आणि तेथेंही घोड्याचाच दाखला आहे. लिलावांत सदोष घोडा विकणारा नुसता गप्प राहिला, तर तें कपट नव्हे. पण "तुम्ही नाकारलें नाहीं, तर घोडा निर्दोष आहे असें मी समजेन," असें घेणारानें म्हटल्यावरही तो गप्प राहिला, तर तें मौन बोलण्यासारखेंच होय. मागें फिरविलेला आंकडा तर मौनाच्याही पलीकडचा. तें अंकांत लिहिलेलें असत्यच आहे. ज्यानें तो फिरविला, किंवा फिरविलेला आहे हें जाणूनही गाडी खरी म्हणून विकली, त्यानें कपट केलें. घेणारास मग सौदा रद्द करून गाडी परत देतां येते व पैसे मागतां येतात. किंवा गाडी ठेवून किंमतींतील तफावत नुकसानभरपाई म्हणून मागतां येते.

विकणाराही स्वतः फसलेला असला, तर प्रकरण नाजूक होतें. अजाणतां केलेल्या चुकीच्या कथनामुळेंही सौदा रद्द होऊं शकतो. परंतु साधारण दक्षतेनें खरें समजण्याजोगें होतें काय, असा प्रश्न तेथें घेणारास विचारला जातो. म्हणून खरेदीपूर्वींच कारखान्यांतील नोंदी पाहाव्या.

आतां दाद कोठें मागावी? विकणारा व्यापारी असेल आणि गाडी घरच्या वापरासाठीं घेतलेली असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा मार्ग उत्तम. ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगापुढें चालते, आणि ती ग्राहकाच्या राहत्या जिल्ह्यांतही करतां येते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाहीं. आपल्या गृहस्थांस २०० रुपये पडतील. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. विकणारा व्यापारी नसून शेजारीपाजारी किंवा ओळखीचा गृहस्थ असेल, तर हा मार्ग बंद. तेथें दिवाणी न्यायालय. त्याची मुदत सामान्यतः कपट कळल्यापासून तीन वर्षें.

पोलिसांकडेही जातां येतें. भारतीय न्याय संहितेचें ३१८ वें कलम फसवणुकीसंबंधीं आहे. १ जुलै २०२४ पूर्वींच्या कृत्यास जुन्या दंडसंहितेचें ४२० वें कलम लागतें. पण फौजदारी खटल्याचा मुख्य हेतु अपराध्यास शासन करणें हा आहे. तेवढ्यावर विसंबून दिवाणी किंवा ग्राहक आयोगाची मुदत दवडूं नये.

या सर्वांआधीं करावयाचीं कामें साधीं आहेत. आंकड्याचें छायाचित्र तारखेसह घ्यावें. कारखान्याकडून जुन्या नोंदींची सही-शिक्क्याची नक्कल मिळवावी. जाहिरात, पावती, निरोपांची देवघेव जपून ठेवावी. मग विकणारास लेखी नोटीस पाठवावी, आणि शक्य तितका गाडीचा वापर थांबवावा; कपट कळल्यावरही जो बिनतक्रार गाडी फिरवितो, त्यानें सौदा मान्यच केला असें म्हणण्यास प्रतिपक्षास जागा मिळते.

आपल्याकडे फसलेला मनुष्य लाजेनें गप्प बसतो. लोक हंसतील, ही त्याची भीति. परंतु त्या मौनाचा लाभ होतो तो फसविणारासच, आणि तोच आंकडा उद्यां दुसऱ्या एखाद्या घरची शिल्लक गिळतो. कायद्यानें दार उघडें ठेवलें आहे. तें मुदतींत ठोठावणें मात्र आपल्याच हातीं आहे.