कझाकांचा कवी : अख्मेत बायतुर्सिनोव

उरल पर्वताच्या दक्षिणेपासून थेट अल्ताईपर्यंत जे अफाट गवताळ मैदान पसरलेले आहे, तेथे कझाक लोक शतकानुशतके घोडे आणि मेंढ्या राखीत हिंडत असत. एकोणिसाव्या शतकात हा सारा मुलूख झारच्या अंमलाखाली गेला. चांगली चांगली कुरणे रशियन शेतकऱ्यांच्या वसाहतींसाठी काढून घेतली जाऊ लागली. या मुलुखातील तोर्गाय प्रांतात १८७२ साली अख्मेत बायतुर्सिनोव यांचा जन्म झाला.

ते तेरा वर्षांचे असताना, १८८५ साली, त्यांच्या वडिलांनी एका रशियन जिल्हाधिकाऱ्यावर हात उगारला. त्याची शिक्षा म्हणून पंधरा वर्षे सैबेरियात हद्दपारी झाली. घर उघडे पडले. मुलाच्या मनावर झालेला हा घाव पुढे कधीच भरला नाही. १९०९ साली स्वतः तुरुंगात असताना त्यांनी आईस उद्देशून कविता लिहिली, तीतही त्या घावाची आठवण आहे. परंतु नवल असे की, या मुलाने सूडाची वाट धरली नाही. तो ओरेनबुर्ग शहरी जाऊन शिक्षक होण्याचे शिक्षण घेऊ लागला, आणि १८९५ पासून शाळेत शिकवू लागला.

शिक्षकाची नोकरी निर्वेध चालली नाही. १९०५ साली कार्कारालीच्या जत्रेत जमलेल्या कझाकांनी सरकारकडे एक अर्ज केला. जमीन, धर्म आणि मातृभाषेतील शिक्षण यांसंबंधीच्या मागण्या त्यात होत्या. अर्ज करणाऱ्यांत बायतुर्सिनोव होते. १९०९ साली त्यांना अटक होऊन सेमीपालातिन्स्कच्या तुरुंगात टाकण्यात आले, आणि सुटका झाली ती मायभूमीत राहता येणार नाही या अटीवर. ते पुन्हा ओरेनबुर्गला आले.

अटकेच्याच वर्षी त्यांचे पहिले पुस्तक निघाले. त्याचे नाव ‘चाळीस मिसाल’. क्रिलोव या रशियन कवीच्या प्राणिकथा त्यांनी कझाक पद्यात आणल्या होत्या. लांडगा आणि कोकरू ही गोष्ट इसापनीतीमुळे आपल्याकडे लहान मुलेही जाणतात. पण ज्याच्या कुरणावर परक्याचे कुंपण पडले आहे, त्याला त्यातील लांडगा कोण हे सांगावे लागत नाही. शिवाय गोष्टीअखेर स्वतःची चार वचने जोडण्याची त्यांची रीत होती, आणि त्यांत स्वजनांच्या आळसावरही कोरडे असत. १९११ सालच्या दुसऱ्या संग्रहाचे नाव ‘मासा’. कझाक भाषेत मासा म्हणजे डास. निजलेल्या माणसाच्या कानाशी गुणगुणून त्याची झोपमोड करणारा हा क्षुद्र कीटक कवीने आपल्या कवितेचे प्रतीक केला.

१९१३ साली बुकेइखानोव आणि दुलातोव या मित्रांसह त्यांनी ‘कझाक’ नावाचे वृत्तपत्र काढले. रशियन दप्तरांत या लोकांना ‘किर्गिझ’ म्हणत. तेव्हा पत्राचे नाव हीच एक मागणी होती. १९१६ साली मजूर म्हणून सक्तीने भरती करण्याचे फर्मान निघाले. निःशस्त्र लोकांनी बंड करू नये, असे या पत्राने बजावले. त्याबद्दल त्यांना बोल लागला, बंड झाले आणि ते रक्तात बुडाले.

तथापि बायतुर्सिनोव यांचे खरे कार्य अक्षरांचे आहे. कझाक भाषा अरबी लिपीत लिहिली जाई. त्या लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. आणि कझाक भाषेचा तर सारा प्राण स्वरांत. आपल्या देवनागरीत स्वर लिहून दाखवायला मात्रा आहेत, म्हणून ही अडचण आपल्या ध्यानी येत नाही. बायतुर्सिनोव यांनी कझाक जिभेवर नसलेल्या उच्चारांची अक्षरे काढून टाकली आणि चोवीस अक्षरे ठेवली. मग त्यांनी एक मर्म ओळखले : कझाक शब्दातील स्वर बहुधा एकतर सारे जड असतात, नाहीतर सारे मृदू. म्हणून मृदू शब्दाच्या आरंभी एक बारीकसे चिन्ह दिले की पुरे. शब्द सबंध मृदू वाचावा. नाम, विशेषण, क्रियापद यांसाठी कझाक संज्ञाही त्यांनीच घडविल्या.

१९१७ च्या डिसेंबरात ‘अलाश’ या नावाने कझाकांचे स्वायत्त शासन जाहीर झाले. बायतुर्सिनोव त्याच्या पुढाऱ्यांपैकी एक. यादवी युद्धात ते टिकणार नाही हे दिसताच १९१९ साली ते बोल्शेव्हिकांकडे गेले आणि पुढे शिक्षणखात्याचे प्रमुख झाले. यास कोणी शरणागती म्हणेल. परंतु ज्याला शाळा उघडायच्या आहेत, त्याला कोणत्या ना कोणत्या सरकारच्या दारी उभे राहावेच लागते. आणि १९२४ साली त्यांची लिपी अधिकृत झाली ती या सरकारच्याच काळात.

ती फार दिवस टिकली नाही. १९२६ साली बाकू येथील तुर्की भाषांच्या परिषदेत लॅटिन लिपीचा पक्ष प्रबळ ठरला. बायतुर्सिनोव यांनी आपल्या लिपीची बाजू मांडली. मते विरुद्ध गेली. १९२९ साली लॅटिन आली आणि त्याच वर्षी त्यांना अटक झाली. ते अर्खांगेल्स्कला, बायको व मुलगी तोम्स्कला, अशी घराची फाटाफूट झाली. गॉर्कीच्या पत्नी पेश्कोवा यांच्या खटपटीने १९३४ साली ते परतले. १९३७ च्या ऑक्टोबरात पुन्हा अटक झाली आणि ८ डिसेंबरला त्यांना गोळी घालण्यात आली. १९४० मध्ये लॅटिनही जाऊन रशियन लिपी आली. अकरा वर्षांत तीन लिप्या! आजोबांचे पत्र नातवाला वाचता येईना.

१९८८ पर्यंत त्यांचे नाव घेण्याची मुभा नव्हती. कझाक शाळांतील मुले मात्र या सर्व काळात त्यांच्याच संज्ञांनी व्याकरण शिकत होती. आणि सरहद्दीपलीकडे, चीनमधील सिंक्यांग प्रांतात राहणारे कझाक आजही त्यांच्या लिपीवरून आलेली अक्षरे लिहितात; मृदू शब्दाच्या आरंभी ते बारीक चिन्ह तेथे अजून दिसते.