वळवाचं आभाळ आणि आपण

चैत्र-वैशाखातली दुपार आपल्याला हातघाईची असते. कुणाची हळद वाळत पडलेली, कुणाचा कांदा शेतात, कुणाचा कडबा अजून गंजीला लागायचा. नेमकं तेव्हाच आभाळ भरून येतं.

मागच्या वर्षी आमच्या गटातल्या सातजणी कांदा काढताना अशाच सापडल्या. पळत जाऊन बांधावरच्या कडुलिंबाखाली उभ्या राहिल्या. वीज पडली ती शंभर पावलांवरच्या बाभळीवर. तिथं बांधलेल्या दोन शेळ्या जागीच गेल्या. तेव्हा आम्ही ठरवलं, हे वादळ येतं कसं ते नीट समजून घ्यायचं.

चुलीजवळची हवा गरम, माठाजवळची गार. मोठ्या प्रमाणावरही तसंच आहे. हवा ज्या भागावर बरेच दिवस राहते, तिथला गुण घेते. समुद्रावरची हवा दमट होते, कोरड्या जमिनीवरची कोरडी. उन्हाळ्यात बंगालच्या उपसागराकडून आणि अरबी समुद्राकडून दमट वारा आपल्याकडे येतो, वायव्येकडून कोरडा, तापलेला वारा येतो. दोन्ही आपल्या डोक्यावर भेटतात. खाली जमीन तव्यासारखी तापलेली असते. मग दमट हवा वर उसळते.

वर गेली की ती थंड होते आणि वाफेचं पाणी होतं. पातेल्यावरचं झाकण काढताना वाफेचा चटका किती जबर बसतो, ते आपल्याला ठाऊक आहे. वाफेचं पाणी होताना ती पोटातली उष्णता सोडते. ढगातही हेच होतं. त्या उष्णतेनं हवा आणखी वर चढते आणि ढग बारा ते पंधरा किलोमीटर उंच जातो. म्हणून वळीव बहुतेक वेळा दुपारी तीननंतर येतो, कारण जमीन तोवर पुरती तापलेली असते.

इतक्या उंचावर पाणी गोठतं. बर्फाचा कण वाऱ्यानं वर फेकला जातो, त्यावर थर चढत जातात आणि वाऱ्याला पेलवेना झाला की तो गार होऊन खाली पडतो. मोठी गार कापून बघा, आत कांद्यासारखे पदर दिसतात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अशाच गारांनी राज्यभर गहू, ज्वारी, द्राक्षं, डाळिंबं झोडपली होती.

पावसाआधी येणारा गार सोसाटा म्हणजे ढगातून खाली कोसळून जमिनीवर पसरलेली थंड, जड हवा. याच वाऱ्यात पत्रे उडतात. पत्र्यावर ठेवलेले दगडही तेव्हाच घरात पडतात. म्हणून दगडांवर भरवसा न ठेवता पत्रे हुकानं आवळून घ्या.

आता विजेचं. पायाळू माणसावर वीज पडते, असं आपण लहानपणापासून ऐकतो. आमच्यातली एक मैत्रीण पायाळू आहे. आभाळ आलं की तिला कुणी जवळ उभं राहू द्यायचं नाही. बायांनो, कोण कसं जन्मलं ते विजेला कळत नाही. ती बहुधा उंच वस्तू गाठते: झाड, खांब, मोकळ्या रानात उभा माणूस. झाडावर पडलेली वीज बुंध्याजवळच्या जमिनीत पसरते. जनावराचे पुढचे-मागचे पाय लांब असल्यानं ती त्याच्या अंगातून जाते. शेळ्या तशाच गेल्या. मैत्रिणीला लांब ठेवून आम्ही झाडाखाली उभ्या होतो, ही आमची चूक.

मग करायचं काय? गडगडाट कानावर आला की समजा, आपण विजेच्या टप्प्यात आहोत. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत अंक मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. पण मोजत थांबू नका. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. झाड, तारेचं कुंपण, विहिरीचं पाणी यांपासून दूर राहा. काहीच आसरा नसेल तर एकमेकींपासून लांब व्हा, पाय जुळवून उकिडव्या बसा, आडव्या पडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका.

कुणावर वीज पडलीच तर तिला हात लावायला भिऊ नका. तिच्या अंगात करंट राहत नाही. शेणात, मातीत पुरण्यात वेळ घालवू नका. 108 ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध जोरानं, भरभर दाबत राहा.

पुण्याच्या हवामान संस्थेचं ‘दामिनी’ हे अ‍ॅप आसपासच्या विजांची सूचना देतं. गटातल्या एकीच्या तरी फोनमध्ये ते असू द्या.

खरी अडचण मजुरीची होती. काम सोडलं तर रोज कापला जाईल, म्हणून बाया रानातून हलत नव्हत्या. आमच्या गटात शेतवाल्याही आहेत, मजुरीला जाणाऱ्याही. बैठकीत वाद झाला. “भिजलेला कांदा सडला तर कुणी भरून द्यायचा?” हा प्रश्नही खोटा नव्हता. शेवटी ठरलं: काम पहाटे लवकर सुरू करायचं, दुपारी दोनला काढलेला माल ताडपत्रीखाली घालायचा, आणि आभाळ गडगडलं की सगळ्यांनी घर गाठायचं. त्या वेळेची मजुरी कुणी कापायची नाही.

तुमच्याही गटाच्या पुढच्या बैठकीत हे मांडा. वळीव आपल्याला थांबवता येणार नाही, पण झाडाखाली उभं राहायचं नाही हे आपल्या हातात आहे.