जुना ट्रॅक्टर, डायनामो आणि विज्ञानाचा तास
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



प्रत्येकाने आपल्या कामाविषयी दहा मिनिटं बोलावं, असं संयोजकांनी ठरवलं. डॉक्टर झाले, वकील झाले, बँकवाले झाले. आता ट्रॅक्टरच्या गॅरेजवाल्याची पाळी. मी आज एकाच गोष्टीविषयी बोलणार आहे, जुन्या ट्रॅक्टरचं चार्जिंग. विषय रुक्ष वाटेल. पण पेणच्या खारेपाटात आणि रोह्याकडे कालव्याखालच्या भातशेतीत आपल्यापैकी काहींच्या घरी वडिलांच्या हातचा मॅसी किंवा इंटरनॅशनल बी-२७५ अजून उभा आहे, म्हणून हे तुमच्याही कामाचं आहे.

गेल्या पावसाळ्याआधी आपल्याच एका मित्राचा फोन आला. म्हणाला, "बाबांचा ट्रॅक्टर भंगारात देतोय, एकदा बघून जा." दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. ट्रॅक्टर रोज उतारावर लावायचा आणि सकाळी ढकलून चालू करायचा. चिखलणीहून परतताना अंधार झाला की दिवा मिणमिणता. वडखळ नाक्यावरची अवजड वाहतूक तुम्हाला ठाऊक आहे, तिथे बिनदिव्याचा ट्रॅक्टर म्हणजे जिवाशी खेळ. एका दुकानदाराने सांगून टाकलं होतं, "डायनामो गेला, अल्टरनेटर बसवा." डायनामो तपासला मात्र कोणीच नव्हता.

आता थोडं मागे, आपल्या विज्ञानाच्या तासाला जाऊ. तारेच्या वेटोळ्यात चुंबक सरकवला की गॅल्व्हानोमीटरचा काटा हलतो, हे सरांनी दाखवलं होतं. फॅरेडेने ते १८३१ साली शोधलं. डायनामोत तेच घडतं. फरक एवढाच, की त्याचं चुंबक तो स्वतः तयार करतो. आतल्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक असतं. फिरायला लागलं की त्यातून किंचित वीज होते, ती फील्ड कॉइलमध्ये जाऊन चुंबक वाढवते, मग वीज आणखी वाढते. घरच्या विरजणासारखं आहे हे. वाटीभर दही लावायला चमचाभर जुनं दही लागतं. ते विरजण संपलं तर डायनामो चांगला असूनही काही देत नाही.

दुसरी गोष्ट कटआउटची. खारेपाटातल्यांना ती समजावावी लागत नाही, कारण ती बांधातली उघाडी आहे. आतलं पाणी वर असलं की उघाडीचं दार उघडतं, भरती आली की बंद होतं. तसंच डायनामोचा दाब बॅटरीपेक्षा वर गेला, साधारण १३ व्होल्ट झाला, की कटआउट जोडतो. इंजिन थांबलं की तोडतो. तोडला नाही तर रातोरात बॅटरी डायनामोतून रिकामी होते.

आता क्रम. पहिला पट्टा. मध्यभागी अंगठ्याने दाबला तर अर्धा-पाऊण इंच दबला पाहिजे. मग बॅटरीची टोकं आणि अर्थची वायर. त्यानंतर डायनामोचे कार्बन. ते झिजलेत का, अडकतात का, हे पाहायचं. कम्युटेटर काळा पडला असेल तर बारीक काचपेपरने पुसायचा. एमरी वापरू नये, तिचे कण वीज वाहतात.

मग डायनामोची परीक्षा. त्यावरच्या डी आणि एफ या दोन्ही वायरी काढायच्या, ती दोन टोकं एका तुकड्याने जोडायची आणि तिथून बॉडीपर्यंत व्होल्टमीटर लावायचा. इंजिन हळू चालवायचं. काटा चटकन वर चढून २० व्होल्टकडे गेला तर डायनामो ठीक. तेवढ्यावर थांबायचं, इंजिन पळवायचं नाही. व्होल्टभरच दिसला तर फील्ड कॉइलचा संशय, नाहीतर विरजण संपलेलं. चार-पाच व्होल्टवर अडकला तर आर्मेचर. ही पद्धत ल्युकास धर्तीच्या डायनामोची, ज्यात फील्डचं एक टोक आतच बॉडीला असतं. दुसऱ्या धर्तीच्या डायनामोवर ती वापरू नका.

विरजण लावणं सोपं आहे. एफची वायर काढून बॅटरीच्या चालू टोकाची तार एफला क्षणभर टेकवायची. पण आधी बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे ते बघा. काही जुन्या विलायती ट्रॅक्टरांवर ते पॉझिटिव्ह असतं.

मित्राच्या ट्रॅक्टरचा डायनामो या परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाला. वायरी परत लावल्या, रेग्युलेटरपाशी मोजलं. डायनामोकडून दाब येत होता, बॅटरीची वायरही ठीक होती. तरी कटआउट उचलत नव्हता. म्हणून रेग्युलेटरच्या अर्थ टोकाला बॉडीवरून वेगळी तार लावून पाहिली. टक् आवाज झाला आणि अँपिअर मीटरचा काटा चार्जकडे गेला. आपल्या खाऱ्या हवेने ती एक अर्थची वायर हिरवी करून आतून खाल्ली होती. वायर बदलली, स्क्रूखालची जागा घासून चकचकीत केली. खर्च चहापाण्याइतका.

आणखी एक सांगतो. हे डायनामो लहान आहेत, साधारण १० ते २० अँपिअरचे, आणि इंजिन मंद असताना जवळपास काहीच देत नाहीत. त्यावर १०० वॅटचे दोन हॅलोजन लावले की तेच १७ अँपिअर मागतात. वर गाण्याचा डेक. मग बॅटरी उतरली तर दोष डायनामोचा नाही. कमी वॅटचे एलईडी दिवे लावा. आणि आर्मेचरच जळलं असेल, सुटा भाग मिळत नसेल, तर अल्टरनेटर खुशाल बसवा. माझं म्हणणं एवढंच, की आधी मोजा, मग बदला. मोजायला साधा मीटर आणि अर्धा तास लागतो.

गुरुजनांना एक विनंती. प्रयोगशाळेसाठी एक जुना डायनामो, कटआउट आणि मीटर मी फळीवर बसवून देतो. हाताने फिरवून मुलांनी काटा हलताना पाहावा. त्यातलं एखादं पोर उद्या कोणाच्या तरी वडिलांचा ट्रॅक्टर भंगारात जाण्यापासून वाचवेल. नववी-दहावीच्या तासाला बोलावलंत तर मी स्वतः येईन, फक्त भातलावणीच्या दिवसांत नको, तेव्हा गॅरेजमध्ये श्वास घ्यायला फुरसत नसते.

मित्राचा ट्रॅक्टर यंदाही चिखलणीला होता. आता उतारावर लावत नाहीत.