पणजीचे नाव

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात दिलेले भाषण)



‘आपल्या कुळाचा शोध’ या विषयावर मी बोलावे, असे कार्यवाहांनी सुचविले तेव्हा प्रथम मी नकारच दिला. मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. बी. ए. झालो, सरकारी नोकरीत शिरलो, आणि आयुष्य फायलींवर टिपण्या लिहिण्यात गेले. परंतु गेली तीन वर्षे मी माझ्या घराण्याची कागदपत्रे हुडकीत आहे, ही बातमी कार्यवाहांपर्यंत पोचली होती. तेव्हा सुटका नव्हती.

आरंभ आपल्या पत्त्यापासूनच करतो. आपण लक्ष्मीबाई नगरात राहतो. ज्या राणीच्या नावाची ही वसाहत, तिचे जन्मवर्ष काही जण १८२८ मानतात, तर काही १८३५. इतक्या थोर स्त्रीच्या बाबतीत सात वर्षांचा फरक राहतो, मग तुमच्याआमच्या आजीपणजीची काय कथा! जन्म काशीला, वडील मोरोपंत तांबे. लग्न होऊन आल्या त्या झाशीच्या नेवाळकरांच्या घरी, आणि हे घराणेही मूळचे कोकणातले. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव मृत्युशय्येवर होते. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी कंपनीच्या अधिकाऱ्यांसमक्ष भाऊबंदांतील एक लहान मुलगा दत्तक घेतला आणि त्याचे नाव दामोदर ठेवले. हा दत्तक कंपनीने मानला नाही आणि १८५४ मध्ये झाशी खालसा केली. त्यासाठी जुने दाखले काढण्यात आले. १८३५ मध्ये रामचंद्रराव वारले, तेव्हाही दत्तकाचा दावा बाजूला सारून त्यांच्या चुलत्यांना गादी दिली होती, असा तो आधार. आम्हां कारकुनी पेशातल्या माणसांना ही पद्धत चांगली परिचयाची आहे. आधी निर्णय ठरतो, मग पूर्वीची फाईल मागवली जाते.

दामोदरराव पुढे इंदूरला राहिले आणि १९०६ मध्ये तेथेच वारले. त्यांच्या वंशजांनी ‘झाशीवाले’ असे आडनाव लावले. गाव सुटले आणि त्याच सुटलेल्या गावाचे आडनाव झाले. म्हणून आडनावावर फार भिस्त ठेवू नये, असे मी म्हणतो. कुलकर्णी, देशपांडे, पाटील हे मुळात हुद्दे होते. ‘कर’ लागलेली आडनावे बहुधा गाव सोडल्यावर परक्यांनी चिकटवलेली. आडनाव जुळले म्हणून कुळ जुळत नाही, आणि कुळ एक असूनही आडनावे चार असू शकतात.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला.

माझ्या वडिलांनी आपल्या रोजनिशीच्या शेवटच्या पानावर सुंदर अक्षरात वंशावळ लिहून ठेवली होती. संगमेश्वर तालुक्यातील मूळ पुरुषापासून स्वतःपर्यंत सात पिढ्या. आम्ही मुले ते पान मोठ्या अभिमानाने पाहत असू. वडील गेल्याच्या दुसऱ्या वर्षी पितृपक्षात श्राद्धाला बसलो. आई आधीच गेली होती. गुरुजींनी नावे विचारण्यास सुरुवात केली. वडील, आजोबा, पणजोबा ही नावे मी रोजनिशीतून पाठ केली होती. मग ते म्हणाले, “आता मातृवर्ग. आई? आजी?” तीही सांगितली. “पणजी?” मी गप्प झालो. गुरुजी अनुभवी होते. त्यांनी क्षणभर वाट पाहिली आणि म्हणाले, “गंगा म्हणा.” मी गंगा म्हणालो आणि विधी पुढे सरकला.

मला रात्री झोप लागली नाही. ती वडिलांची सख्खी आजी. वडील दरवर्षी पाटावर बसून तिचे नाव उच्चारीत होते, आणि मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचीत होतो. वंशावळ पुन्हा काढून पाहिली. सात पिढ्यांत एकाही स्त्रीचे नाव नव्हते. गंमत पाहा, ज्या धर्मविधीला आपण पुरुषप्रधान म्हणतो, त्याने निदान तीन पिढ्यांच्या आया लक्षात ठेवण्याची सक्ती तरी केली होती. वंशवृक्ष रंगवणाऱ्यांनी ती केली नाही. आपल्याकडे अनेक घराण्यांनी कुलवृत्तांत छापले. मोठ्या कष्टाची कामे आहेत ती. पण पुष्कळदा मुलगी त्यात लग्न झाले की संपते, आणि सून नाव बदलून येते म्हणून तिचा माग काढणे कठीण होते.

ग्वाल्हेरला माझी आत्या असते, वय शहाऐंशी. तिला गाठले. येथे एक अनुभवाची गोष्ट सांगतो. वृद्ध माणसांना साल विचारू नये. “आजी कधी वारली?” म्हटले की त्या गोंधळतात. “पानशेतचा पूर आला तेव्हा ती होती का?” म्हटले की लगेच उत्तर येते. पुण्याचा पूर १९६१ चा, कोयनेचा भूकंप १९६७ चा, मोठा दुष्काळ १९७२ चा. त्यांच्या लहानपणी घरात इन्फ्लुएंझाची गोष्ट सांगितली जाई, ती १९१८ ची. या खुंट्यांना आठवणी टांगलेल्या असतात.

आत्याने नाव तर सांगितलेच. ते घरचे नाव येथे सांगत नाही. तिला आजी आठवत होती ती तांबडे आलवण नेसलेली, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेली, आणि दिवेलागणीला नातवंडांकडून पावकी-निमकी म्हणून घेणारी. बोलता बोलता आत्या सहज म्हणाली, “अण्णांना तिने पदरात घेतले नसते तर आपण कोण असतो कुणास ठाऊक.” अण्णा म्हणजे माझे आजोबा. ते दत्तक होते, ही गोष्ट मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळली.

आत्याच्या ट्रंकेत दत्तकपत्र होते. ते मोडीत लिहिलेले. मला अक्षर ओळखता येईना. पुण्यातील एका जाणकारांकडून ते वाचून घेतले, आणि त्या लाजेपोटी स्वतः मोडी शिकायला बसलो. कागदाचा सारांश असा. माझे पणजोबा तरुणपणी वारले, मागे संतान नव्हते. पणजीने विधवापणी, पतीच्या नावाने, दुसऱ्या आडनावाच्या घरातला सहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. मुंबई इलाख्यात विधवेला असा अधिकार होता. भाऊबंदांना हे मानवले नाही, कारण ती निपुत्रिक मेली असती तर जमीन त्यांच्याकडे गेली असती. त्यांनी दावा लावला. तिने तो लढवला, आणि मुलाला शिकण्यासाठी ग्वाल्हेरला आपल्या भावाकडे धाडले. कागदाच्या शेवटी तिच्या डाव्या हाताचा अंगठा आहे. वडिलांच्या वंशावळीतल्या खालच्या दोन पिढ्या ज्या बाईमुळे झाल्या, तिच्यासाठी त्या पानावर जागाच नव्हती.

हे मी घरात सांगितले तेव्हा माझ्या एका चुलतभावाला राग आला. “झाकलेले कशाला उघडतोस? मग त्या वरच्या पाच पिढ्या आपल्या की नाहीत?” प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की त्या आपल्याच आहेत, कारण त्यांचे श्राद्ध आजोबांनी केले, वडिलांनी केले, मी करतो. परंतु ज्या घराने सहा वर्षांचे मूल उचलून दिले, त्या घराचेही नाव लिहिले पाहिजे. मी आता वंशावळ नव्याने मांडली आहे. दत्तकाची रेघ तुटक काढली आहे आणि तिच्याशेजारी जनक घराण्याची शाखा. चुलतभाऊ अजून सही करायला तयार नाही. न का होईना.

कोकणातल्या घरांना देवदर्शनाच्या निमित्ताने एक दप्तरखाना आपोआप मिळालेला आहे. तो म्हणजे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या, काशी-गयेच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. आपण दिल्लीकर हरिद्वारला जातो, तेथेही त्या आहेत. दिल्लीशी या वह्यांचे एक जुने नाते आहे. महादेवभट हिंगणे हे पेशव्यांचे नाशिकचे क्षेत्रोपाध्ये. ते १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीस आले आणि पुढे मराठ्यांचे वकील म्हणून येथे राहिले. दिल्लीला येऊन ज्यांचा मुक्काम लांबला, अशा आपल्यासारख्या मंडळींचे ते पूर्वज म्हणायला हरकत नाही. अर्थात हे वंशावळीत लिहू नये!

इतर समाजांकडे दुसरी साधने आहेत. कोल्हापूर-बेळगावकडे हेळवी पिढ्यान्पिढ्यांची नावे सांगत दारी येत. पाटील-देशमुखांच्या वतनाचे तंटे झाले की ‘करीना’ म्हणजे घराण्याची हकीकत लिहून द्यावी लागे आणि निवाड्याचा ‘महजर’ होई. त्यावर पाटलाच्या नावापुढे नांगराची आणि कारागिरांच्या नावांपुढे ज्याच्या त्याच्या हत्याराची निशाणी सापडते. पेशवे दप्तरात आणि १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात पुण्याला असे कागद फार मोठ्या प्रमाणावर आहेत. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी आणि शाळेचे दाखले तर जवळच्या काळाला फारच उपयोगी. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि कधी नव्हे ती मोडी वाचकांना मागणी आली. एरवी ज्या कागदांना वाळवी लागत होती, ते लोक हातात धरून हिंडू लागले.

जुन्या कागदांत शक असेल तर अठ्ठ्याहत्तर मिळवावेत. पौष-माघातली तारीख असेल तर बहुधा एकोणऐंशी. शुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००. आणि जिथे पुरावा संपतो तिथे रेघ थांबवावी. पानिपतावर एक तरी पूर्वज पडला, असे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी सांगतात. तितकी माणसे खरोखर पडली असती तर आज आपण कोणीच येथे नसतो.

गेल्या वर्षी मी पत्नी व मुलीसह नाशिकला गेलो. गाव आणि आडनाव सांगितल्यावर उपाध्यांनी लांबट वही काढली. १९३६ मध्ये आजोबा येऊन गेले होते. त्यांच्या स्वतःच्या हातची मोडीतली नोंद होती. आधी दत्तक वडिलांचे नाव, मग जनक वडिलांचे, आणि त्याखाली “मातुःश्री” म्हणून पणजीचे. त्यांनी काहीच झाकलेले नव्हते. ते मी अडखळत का होईना, स्वतः वाचले. मग आमची नोंद झाली. उपाध्यांनी सध्याचा मुक्काम विचारला, तेव्हा मी लक्ष्मीबाई नगर सांगितले. मुलगी म्हणाली, “बाबा, क्वार्टर तर निवृत्तीनंतर सोडावा लागणार, मग कशाला?” उपाध्ये लिहीत राहिले. मुलीने आपले नाव आणि आपल्या आईच्या माहेरचे नाव स्वतःच्या हाताने लिहिले.

ज्यांच्या घरी मोडी कागद असतील त्यांनी मूळ कागद न देता त्याची छायाप्रत रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयात आणावी. मी अकरापर्यंत तेथे असतो. माझे वाचन अजून कच्चे आहे. जे लागणार नाही ते पुण्याला पाठवू. आणि ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढचे कोणी असेल, त्यांनी त्याआधी त्यांच्यापाशी जाऊन बसावे.