आधी सोडायला शिकवा



दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. एक बाई आपल्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्या तालमीच्या दारात आल्या. पोरगं आईच्या पदराआड. बाई म्हणाल्या, "गुरुजी, ह्याला वर्गातली पोरं मारतात आणि हा रडत घरी येतोय. ह्याला असा तयार करा, की परत ह्याच्या अंगाला हात लावायची कुणाची छाती होऊ नये." मी म्हटलं, "करू की तयार. पण पहिला महिना मी ह्याला एकही डाव शिकवणार नाही." बाईंचा चेहरा पडला. डाव शिकवायचा नाही, तर मग महिनाभर तालमीत करायचं काय? तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

तालमीत आलेलं पोर आधी हौद्याच्या मातीला हात लावून तो कपाळाला लावतं, मारुतीच्या पाया पडतं. मग त्याच्या हातात येतं ते खोरं. आमच्या हौद्यातली तांबडी माती चाळून घेतलेली असते. त्यात हळद, तेल, ताक, लिंबाचा रस, कापूर असं काय काय मिसळलेलं असतं. पण एवढं करूनही ती रोज उकरावी लागते. नाही उकरली तर जमिनीसारखी घट्ट बसते आणि पडणाऱ्याची पाठ शेकून निघते. मोठी पोरं उकरतात, लहानगी मागोमाग गुडघ्यांवर बसून बोटांनी खडे वेचतात. मी त्यांना एवढंच सांगतो, "तुझ्याकडून राहिलेला खडा तुझ्या जोडीदाराच्या पाठीत घुसणार आहे." पदराआड लपणारा तो मुलगा पहिल्याच आठवड्यात तुरीच्या दाण्याएवढा खडा चिमटीत धरून माझ्याकडे धावत आला होता. मोठी शिकार केल्यासारखा चेहरा! दुसऱ्याच्या पाठीची काळजी करायचा हा पहिला धडा. त्यासाठी वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

दुसरा धडा पडण्याचा. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची आणि हात मागं टेकवायचा नाही. घाबरलेलं मूल पडताना नेमका हात टेकवतं आणि मनगट नाहीतर कोपर दुखावून घेतं. म्हणून महिनाभर कोलांट्या, बेडूकउड्या, खेकड्याची चाल. आठ वर्षांच्या मुलाला सुरुवातीला दहा बैठका आणि पाच जोर पुष्कळ झाले, तेही हसतखेळत. मोठे पैलवान मान भरावी म्हणून डोकं टेकवून ब्रिज करतात. ते बघून लहान पोरं नक्कल करायला जातात, त्यांना मी लगेच थांबवतो. कोवळ्या मानेवर तसला भार नको.

दुसऱ्या महिन्यात हाताला हात लागतो. सलामी, पवित्रा, थोडी खडाखडी आणि मग पहिला डाव, एकेरी पट. समोरच्याच्या एका पायाला हात घालायचा, डोकं वर ठेवायचं, खांद्यानं रेटायचं. पण त्याच दिवशी आणखी एक नियम शिकवला जातो. जोडीदारानं दोन थापा मारल्या किंवा 'सोड' म्हणाला, की सोडायचं. तिथल्या तिथं. अगदी तुम्ही जिंकत असलात तरी.

हे ऐकायला सोपं आहे. तो मुलगा तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा कुणाला तरी खाली घेऊन वर बसला. खालच्याचा पाय त्याच्या काखेत चांगला मुरगळला होता. खालच्यानं मातीवर थापा मारल्या, एकदा, दोनदा. ह्यानं सोडलं नाही. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या खाली होतं, त्याला ते सुटेना. मी जाऊन सोडवलं. रागावलो नाही. म्हटलं, "बस, त्याचा पाय चोळून दे." अर्धा तास तो तेल लावून आपल्या जोडीदाराचा पाय चोळत बसला होता. त्यानंतर त्याला पुन्हा सांगावं लागलं नाही.

श्रोतेहो, तालमीत घातलं की मुलाला आपोआप चांगलं वळण लागतं, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. माझा अनुभव तसा नाही. अंगात रग आली आणि लगाम आला नाही, तर तोच मुलगा उद्या चौकात दादागिरी करतो, कुणाच्या तरी मागं दंड फुगवून उभा राहतो. अशी पोरं मी पाहिली आहेत. ताकद तालमीत येते. तिचा लगाम वस्तादाला रोज हातानं घडवावा लागतो. आमच्याकडे एक नियम आहे. शाळेत किंवा गल्लीत हात उचलल्याचं कळलं, तर आठ दिवस कुस्ती बंद. हौद्यात यायचं, पण फक्त खोरं चालवायला.

आता हरण्याविषयी. आपल्या जत्रांमध्ये रेवड्यांवरच्या, नारळावरच्या कुस्त्या होतात. मोठ्या मैदानाच्या आधी लहान पोरांच्या जोड्या लागतात. तिथं हरलेला मुलगा रडतो आणि बाप त्याच्यावर सगळ्यांदेखत ओरडतो, हे दृश्य फार वाईट. आमची पोरं हरून आली की मी एकच विचारतो, "कुठं चुकलं?" "डोकं खाली घातलं," असं उत्तर आलं, की रेवड्यांचा पुडा दोघांत वाटायचा. चूक नीट सांगता आली, तर तो दिवस वाया गेला नाही.

खाशाबा जाधवांचं नाव घेतल्याशिवाय हे भाषण पुरं होणार नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल. वडील दादासाहेब पैलवान, त्यामुळं कुस्ती घरातच. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मी पोरांना त्यापुढची गोष्ट सांगतो. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या भरवल्या आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवून दिलं. पोरं पदकाच्या गोष्टीला टाळ्या वाजवतात. घराच्या गोष्टीला गप्प होतात. मला ती गप्प बसलेली पोरं जास्त आवडतात.

पालकांना दोन-चार गोष्टी रोखठोक सांगतो. लहान मुलाला दूध, डाळ, भाकरी, अंडी, शेंगदाणे एवढा खुराक पुरतो. कुणी पावडर किंवा इंजेक्शन सुचवलं, तर त्या माणसाच्या सावलीलाही मुलाला उभं करू नका. गटात बसावं म्हणून वाढत्या मुलाला उपाशी ठेवून वजन उतरवू नका. नखं कापलेली असावीत, पंचा ज्याचा त्याचा असावा, अंगावर गजकर्ण दिसलं तर बरं होईपर्यंत मूल घरी ठेवावं. आणि मुलगी असेल तर 'हे पोरांचं काम' म्हणून मागं ओढू नका. 2023 साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आहे. वाट मोकळी आहे.

तालीम निवडताना भिंतीवर किती गदा टांगल्यात, हे मोजत बसू नका. संध्याकाळी जा, हौद्याच्या काठावर दहा मिनिटं नुसते उभे राहा. एखादं पोर 'सोड' म्हणेल. वरचं पोर लगेच सोडतंय का, तेवढं बघा. सोडत असेल, तर तुमचं मूल निर्धास्त त्या वस्तादाच्या हवाली करा. सोडत नसेल, तर पुढची तालीम बघा.